जॉन व्हीटली : खाणीतून मंत्रिमंडळात

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या धर्मग्रामांतून कामगार संत योसेफ यांचा सण साजरा होतो. पोप पायस १२ वे यांनी १९५५ साली तो सुरू केला. या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे आम्ही एका अशा माणसाचे चरित्र ठेवीत आहोत, ज्याचा जन्मही मे महिन्यातला आणि मृत्यूही मे महिन्यातलाच. लहानपणीच तो कोळशाच्या खाणीत उतरला आणि चोपन्न वर्षांचा असताना ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसला. ब्रिटनमधील लाखो कामगार कुटुंबांना हक्काने भाड्याचे घर मिळाले ते त्याने केलेल्या कायद्यामुळे. आयुष्यभर तो रविवारी मिस्सेला जात राहिला. तरीही त्याच्याच श्रद्धाबांधवांनी एकदा त्याच्या दारात त्याचा पुतळा जाळला. आमच्यासारख्या धर्मगुरूंना हे चरित्र वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे मान्य करूनच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

जॉन व्हीटली यांचा जन्म १९ मे १८६९ रोजी आयर्लंडमधील वॉटरफर्ड परगण्यात, बॉनमाहन या समुद्रकाठच्या गावी झाला. त्या काळचे आयर्लंड म्हणजे दुष्काळाच्या आठवणीतून अजून न सावरलेला देश. पोटासाठी माणसे अमेरिकेला जात, नाहीतर समुद्र ओलांडून जवळच्या स्कॉटलंडमध्ये. व्हीटली कुटुंब १८७६ साली स्कॉटलंडला आले आणि लॅनार्कशायरच्या कोळसापट्ट्यात, बार्गेडी येथे स्थिरावले. वडील खाणीत मजुरी करीत. घर म्हणजे एक खोली. खाणमालकाने बांधलेल्या रांगेतील ती खोली. आत नळ नाही, सांडपाण्याची सोय नाही. आईवडील आणि भावंडांचा सगळा गोतावळा त्याच चार भिंतींत निजे, स्वयंपाक करी, आजारी पडे आणि मरेही. अशा एका खोलीच्या घराला स्कॉटलंडमध्ये सिंगल-एंड म्हणत. मुंबईच्या चाळीत ज्यांनी बालपण काढले आहे त्यांना त्याचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही. व्हीटलींच्या पुढील राजकारणाचा उगम या खोलीत आहे. पुढे त्यांनी पुष्कळ पुस्तके वाचली, पुष्कळ वाद घातले. पण घराचा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

अकरा-बारा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर खाणीत जाऊ लागले आणि ऐन तारुण्याची वर्षे त्यांनी जमिनीखाली काढली. शाळा अर्धवट सुटली तरी शिक्षणाची ओढ सुटली नाही. त्या भागात टर्केन नावाचे एक डच धर्मगुरू होते. त्यांनी या हुशार मुलाला वाचनाची गोडी लावली. खाण सोडल्यावर त्यांनी दारूच्या गुत्त्यात नोकरी केली, मग भावासह किराणा मालाचे दुकान काढले. ते दुकान १९०१ साली बुडाले. त्यानंतर ग्लासगो ऑब्झर्व्हर या कॅथोलिक साप्ताहिकासाठी जाहिराती गोळा करण्याचे व बातम्या लिहिण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि काही वर्षांत स्वतःचा छापखाना उभा केला. धंद्यात त्यांचे डोके चांगले चाले. उत्तरायुष्यात ते सुस्थितीत होते आणि विरोधक त्यांना त्यावरून टोमणेही मारीत. पण छापखान्याच्या मिळकतीमुळेच त्यांना कोणाच्या मेहेरबानीवर राजकारण करावे लागले नाही, हेही खरे.

येथवरची कथा कष्टातून वर आलेल्या कोणत्याही माणसाची असू शकते. पुढचा भाग वेगळा आहे.

१८९१ साली पोप लिओ १३ वे यांनी रेरुम नोव्हारुम हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मजुराला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन मिळणे हा न्याय आहे, कामगारांना संघटना करण्याचा अधिकार आहे आणि दुर्बलांच्या रक्षणासाठी शासनाने हस्तक्षेप केला पाहिजे, असे त्यात सांगितले होते. त्याच विश्वपत्रात खासगी मालमत्ता नष्ट करू पाहणाऱ्या समाजवादाचा स्पष्ट निषेधही होता. आम्ही सेमिनरीत असताना हे विश्वपत्र परीक्षेसाठी अभ्यासले होते. एखाद्या खाणकामगाराने दिव्याच्या उजेडात, आपल्या आठवड्याच्या मजुरीशी ताडून ते वाचले असेल, हे तेव्हा आमच्या मनातही आले नव्हते. व्हीटलींनी ते तसे वाचले. त्यांचे म्हणणे असे की, पोपमहोदयांनी ज्याचा निषेध केला तो समाजवाद वेगळा, आणि आपण मागतो तो वेगळा. माणसाचे घर, त्याची चीजवस्तू, त्याची बचत हिरावून घ्यायची नाही. मात्र ज्या खाणी, जमिनी आणि कारखाने यांवर हजारो कुटुंबांचे जगणे अवलंबून आहे ते मूठभरांच्या नफ्यासाठी चालू नयेत.

हे म्हणणे मांडण्यासाठी त्यांनी १९०६ साली ग्लासगोत कॅथोलिक सोशॅलिस्ट सोसायटीची स्थापना केली. थोड्याच दिवसांत ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत दाखल झाले. पश्चिम स्कॉटलंडमधील कॅथोलिक समाज हा बहुतांशी आयरिश मजुरांचा होता. गोदी, खाणी, पोलादाच्या भट्ट्या येथे सर्वांत खालचे काम त्यांच्या वाट्याला येई. पण मतदान करताना हा समाज मजूर म्हणून करीत नसे, आयरिश म्हणून करी. आयर्लंडला स्वराज्य मिळवून देण्याचे आश्वासन लिबरल पक्षाने दिले होते, म्हणून आयरिश पुढारी सांगत की मते लिबरलांनाच द्या. आणि तोच लिबरल उमेदवार पुष्कळदा गिरणीचा किंवा खाणीचा मालक असे. बहुतेक धर्मगुरूंचाही कल तिकडेच होता. एक तर आयर्लंडचे प्रेम, दुसरे म्हणजे कॅथोलिक शाळांची काळजी, आणि तिसरे म्हणजे समाजवाद म्हणजे नास्तिकता ही भीती. युरोपात चर्चवर तुटून पडणारे समाजवादी त्यांनी पाहिले होते, तेव्हा ती भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही.

ऑब्झर्व्हरच्या स्तंभांतून मोठा वाद रंगला. १९०७ साली प्युसाँ नावाचे बेल्जियन धर्मगुरू व्हीटलींच्या विरोधात उभे राहिले. आपल्या देशात कॅथोलिकांनी समाजवाद्यांविरुद्ध स्वतःच्या कामगार संघटना उभारल्या, येथेही तसेच करावे, अशी त्यांची भूमिका होती. दोघांनीही एकमेकांची मते खोडून काढली, पण एकमेकांच्या श्रद्धेवर चिखल उडवला नाही. आजच्या वादांकडे पाहता याचे कौतुक वाटते. १९०९ साली नामवंत कॅथोलिक लेखक आणि त्या वेळचे लिबरल खासदार हिलेर बेलॉक यांच्याशी व्हीटलींचा ग्लासगोत जाहीर सामना झाला. शाळा अर्धवट सोडलेला खाणकामगार एकीकडे आणि ऑक्सफर्डचा पदवीधर दुसरीकडे. त्याच वर्षी कॅथोलिक कामगारावरची त्यांची पुस्तिका निघाली. ग्लासगोचे आर्चबिशप मॅग्वायर यांनी सोसायटीवर औपचारिक बंदी कधी घातली नाही, ही त्यांची दूरदृष्टी म्हणावी लागेल.

धर्मग्रामाच्या पातळीवर मात्र इतका संयम राहिला नाही. व्हीटली शेटल्स्टन या ग्लासगोच्या पूर्वेकडील वस्तीत राहत आणि १९१० पासून तेथून परगणा परिषदेवर निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध व्यासपीठावरून आणि चर्चमधूनही बोलले जाऊ लागले. १९१२ साली एका रात्री संतप्त जमाव त्यांच्या घराबाहेर गोळा झाला आणि त्याने व्हीटलींचा पुतळा जाळला. जमाव परका नव्हता. सकाळी ज्यांच्याबरोबर एका बाकावर गुडघे टेकायचे, एकाच वेदीवरून कम्युनियन घ्यायचे, तीच ही माणसे होती. घरात पत्नी मेरी आणि दोन मुले होती. पुढच्या रविवारी व्हीटली नेहमीप्रमाणे मिस्सेला गेले.

या प्रसंगावर आम्ही बराच विचार केला. श्रद्धा सोडून देणे त्यांना सोपे होते. त्यांच्या पक्षातील कित्येकांना त्याचे स्वागतच वाटले असते. पक्ष सोडणेही सोपे होते. मग धर्मगुरूंनी त्यांना डोक्यावर घेतले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. जो धर्मगुरू आपल्याविरुद्ध बोलतो त्याच्याच हातून संस्कार घ्यायचे आणि बाहेर येऊन पुन्हा आपलेच म्हणणे मांडायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. धर्मगुरूला राजकारणात मत असू नये असे नाही. पण उपाशी माणसाने भाकर मागितली तेव्हा त्याला फक्त धोक्याच्या सूचना ऐकवल्या गेल्या, एवढे तरी शेटल्स्टनच्या त्या रात्रीवरून म्हणता येईल.

१९१२ मध्येच शेटल्स्टन ग्लासगो शहरात सामील झाले आणि व्हीटली शहराच्या महापालिकेत आले. तेथे १९१३ साली त्यांनी आठ पौंडांच्या घरांची योजना मांडली. ग्लासगोच्या ट्रामगाड्या महापालिकेच्या मालकीच्या होत्या आणि दरवर्षी त्या चांगली शिल्लक टाकीत. व्हीटलींनी हिशेब करून दाखवले की, भाड्यातला फार मोठा भाग विटा-मातीचा नसतो, तो कर्जावरच्या व्याजाचा असतो. ट्रामची शिल्लक बिनव्याजी वापरली तर कामगाराला वर्षाला आठ पौंड भाड्याने बागेसह छोटेसे स्वतंत्र घर देता येईल. शहराचा पैसा, शहराचे मजूर आणि शहरातल्याच माणसांसाठी घरे. बाहेरच्या सावकाराकडे पाहायचेच नाही. महापालिकेने ही योजना मान्य केली नाही, पण घरोघरी ती पोहोचली.

दोन वर्षांनी महायुद्धाने घराचा प्रश्न पेटवला. युद्धसाहित्याच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार ग्लासगोत आले आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर, बायका घरी, आणि दारात भाडेवाढीची नोटीस. १९१५ साली गोव्हन, पार्टिक, शेटल्स्टन या वस्त्यांतील स्त्रियांनी भाडे देण्यास नकार दिला. मेरी बार्बर ही त्यांची पुढारी. बेलीफ येताना दिसला की घंटा वाजवून सगळ्या जिन्यावर गोळा व्हायच्या आणि त्याला पिठाच्या पुड्यांनी अंघोळ घालून परत पाठवायच्या. व्हीटलींनी महापालिकेत व सभांतून त्यांची बाजू लावून धरली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने कायदा करून भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवली. १९१७ साली राजकीय चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा स्कॉटलंडचे जवळजवळ निम्मे लोक एक किंवा दोन खोल्यांत राहतात, हे सर्व देशाला कळले.

युद्धानंतर परिस्थिती पालटली. १९१८ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमधील कॅथोलिक शाळा सरकारी खर्चाने चालू लागल्या, त्यांचे धार्मिक स्वरूप कायम राहिले आणि शाळांविषयीची भीती ओसरली. १९२१ च्या तहाने आयर्लंडचा प्रश्नही बाजूला झाला. व्हीटली १९१८ ची निवडणूक अवघ्या ७४ मतांनी हरले होते. १९२२ साली ते शेटल्स्टनमधून निवडून आले आणि ग्लासगोच्या १५ पैकी १० जागा मजूर पक्षाला मिळाल्या. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी पुतळा जाळला, त्यांतील कितीजणांनी या वेळी त्यांना मत दिले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण त्या वस्तीतून कॅथोलिकांच्या मतांवाचून निवडून येणे शक्य नव्हते.

पार्लमेंटमध्ये ते शांत, हिशेबी, चष्मा लावलेल्या कारकुनासारखे दिसत. त्यांचे मित्र जेम्स मॅक्स्टन यांची वक्तृत्वशैली आगीसारखी, यांची थंड. १९२३ च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या आरोग्यखर्चात, विशेषतः बालकांसाठीच्या खर्चात, झालेल्या कपातीवर चर्चा चालली असता मॅक्स्टन यांनी कपात करणाऱ्यांना खुनी ठरवले आणि व्हीटलींनी त्यांची पाठराखण केली. दोघांना आणि आणखी दोन ग्लासगोकरांना सभागृहातून निलंबित करण्यात आले. हा माणूस काही महिन्यांत मंत्री होईल असे त्या दिवशी कोणालाही वाटले नसते.

जानेवारी १९२४ मध्ये रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी मजूर पक्षाचे पहिले सरकार बनवले. पक्षाकडे फक्त १९१ जागा होत्या. लिबरलांच्या पाठिंब्यावर सगळा डोलारा. व्हीटली आरोग्यमंत्री झाले. घरबांधणी आणि गरिबांना मदत हे विषय त्याच खात्यात येत. ब्रिटिश मंत्रिमंडळात याआधी कॅथोलिक बसले नव्हते असे नाही. भारतात व्हाइसरॉय म्हणून येऊन गेलेले लॉर्ड रिपन हे कॅथोलिकच होते आणि पुढे ते मंत्रीही झाले. पण ते सरदार होते. हा आयरिश मजुराचा मुलगा होता.

त्यांनी केलेला घरबांधणी कायदा जरा तपशिलाने समजून घेण्यासारखा आहे. आदल्या वर्षी नेव्हिल चेंबरलेन यांनी केलेल्या कायद्यात प्रत्येक घरामागे वर्षाला ६ पौंड अनुदान २० वर्षे मिळे आणि त्याचा रोख खासगी बांधकाम करणाऱ्यांकडे होता. घरे बांधून विकली जात. कामगाराला ती परवडत नसत. व्हीटलींनी अनुदान ९ पौंड केले, ग्रामीण भागात साडेबारा पौंड, आणि मुदत ४० वर्षे. घरे स्थानिक परिषदांनी बांधावीत, विकू नयेत, भाड्याने द्यावीत आणि भाडे शक्यतो युद्धापूर्वीच्या पातळीजवळ राहावे, अशी अट घातली. परिषदेने आपल्या करांतून साडेचार पौंडांपर्यंत भर घालायची.

पण पैसा मंजूर झाला म्हणून घर उभे राहत नाही. युद्धानंतर गवंडी, सुतार, गिलावा करणारे यांची संख्या रोडावली होती, आणि कामगार संघटना नवे उमेदवार घ्यायला तयार नव्हत्या. त्यांचा अनुभव असा की, काम जोरात असले की माणसे वाढवायची आणि मंदी आली की तीच माणसे रस्त्यावर. व्हीटलींनी मालक आणि संघटना दोघांनाही एका टेबलाशी बसवले. सरकार १५ वर्षे अखंड काम पुरवील, संघटनांनी उमेदवारीचे नियम सैल करावेत, असा करार घडवून आणला. १५ वर्षांत पंचवीस लाख घरे हे उद्दिष्ट ठरले. आमच्या मते त्यांच्या बुद्धीची खरी चमक येथे दिसते. घर नसलेला माणूस आणि काम नसलेला गवंडी हे एकाच दुखण्याचे दोन रुग्ण आहेत, हे त्यांनी ओळखले. विटा, सिमेंट यांच्या भावांत नफेखोरी होऊ नये म्हणून आणलेले दुसरे विधेयक मात्र तडीस गेले नाही.

ऑगस्ट १९२४ मध्ये कायदा झाला. नोव्हेंबरमध्ये सरकार गेले. तरी पुढच्या सरकारने तो रद्द केला नाही. इंग्लंडमध्ये अनुदान कमी केले आणि १९३३ साली ते बंद केले. तोवर इंग्लंड व वेल्समध्ये या कायद्याखाली पाच लाखांहून अधिक घरे बांधून झाली होती. न्हाणीघर, परसात थोडी बाग, खोलीखोलीत उजेड. कायद्यातील उणीवही सांगितली पाहिजे. भाडे कितीही कमी केले तरी ते कायम नोकरी असलेल्या कारागिराला झेपणारे होते. गलिच्छ वस्तीतला अगदी तळचा मजूर बहुधा तेथेच राहिला. त्याच्यासाठी १९३० साली वेगळा कायदा करावा लागला.

मंत्रिपदाच्या काळातील आणखी एक प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक असावा. मे १९२४ मध्ये एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. सरकारी प्रसूतिकेंद्रांतून स्त्रियांना संततिनियमनाच्या साधनांची माहिती द्यावी अशी त्यांची मागणी होती. लेखक एच. जी. वेल्स त्यात होते, डोरा रसेल होत्या. व्हीटलींनी नकार दिला. सार्वजनिक पैशाचा असा वापर पार्लमेंटच्या स्पष्ट संमतीवाचून होणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यांच्याच पक्षातील स्त्रिया त्यांच्यावर रुष्ट झाल्या. ज्या धर्मगुरूंनी त्यांना एके काळी अर्धवट कॅथोलिक ठरवले होते, त्यांनी यावर काय विचार केला असेल कोण जाणे.

सरकार गेल्यावर व्हीटलींचे विचार अधिक धारदार झाले. देशाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, पण ते कामगाराच्या नजरेने, हा त्यांच्या उत्तरकाळातील विचाराचा गाभा होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये खुला व्यापार हे जवळजवळ धर्मतत्त्वच होते. बाहेरचे स्वस्त धान्य म्हणजे मजुराची स्वस्त भाकर, असे लिबरल मानीत आणि मजूर पक्षही तेच मानी; अर्थमंत्री फिलिप स्नोडन यांनी तर १९२४ साली युद्धकाळातील आयात कर रद्दही केले. १९२५ साली विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा युद्धापूर्वीच्या दराने सोन्याशी बांधला. त्यामुळे ब्रिटिश कोळसा परदेशांत महाग झाला, आणि मालकांनी तो स्वस्त करण्याचा एकच मार्ग शोधला : खाणकामगारांची मजुरी कापणे. व्हीटली त्याच खाणीतून आलेले.

त्यांनी प्रश्न उलटा केला. परदेशात माल विकता यावा म्हणून आपल्याच माणसाची मजुरी कापायची. मजुरी कापली की तो आपल्याच देशातला माल विकत घेऊ शकत नाही. मग दुकाने ओस, कारखाने बंद, आणि पुन्हा परदेशी बाजाराचा शोध. यापेक्षा मजुरी वाढवा, म्हणजे देशातली बाजारपेठच सर्वांत मोठी गिऱ्हाईक होईल. पण मजुरी वाढवायची तर अर्धपोटी मजुरांकडून करून घेतलेला माल मोकाट आत येऊ देता येणार नाही. देशात एका हाताने मजुराला संरक्षण द्यायचे आणि बंदरात दुसऱ्या हाताने ते काढून घ्यायचे, ही विसंगती त्यांना खपत नसे. नुसती जकात त्यांना नको होती, कारण तिचा फायदा मालकाच्या खिशात जातो. आयातीवर सरकारचेच नियंत्रण असावे, असे ते मांडीत. पक्षातील खुल्या व्यापाराचे अभिमानी चिडले; कॉन्झर्व्हेटिव्हांनाही हा सहप्रवासी नको होता.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो. स्कॉटलंडचे डंडी शहर तागाच्या गिरण्यांवर जगत असे आणि त्याचा धंदा बुडवीत होत्या कोलकात्याच्या गिरण्या. या गिरण्या बहुतांशी स्कॉटिश कंपन्यांच्याच हातात होत्या आणि व्यवस्थापकही पुष्कळसे डंडीहून आलेले. म्हणजे डंडीच्या मजुराशी स्पर्धा बंगालचा मजूर करीत नव्हता. स्कॉटिश भांडवल दोघांना एकमेकांसमोर उभे करीत होते. १९२५ साली खासदार टॉम जॉन्स्टन आणि डंडीच्या ताग कामगारांचे नेते जॉन साइम यांनी कोलकात्यास येऊन पाहणी केली आणि भारतीय मजुरांची संघटना वाढावी, त्यांची मजुरी वाढावी, असा निष्कर्ष काढला. आम्हाला हा मार्ग व्हीटलींच्या मार्गाहून अधिक न्याय्य वाटतो. व्हीटलींच्या विचारात ग्लासगोच्या मजुराला दार बंद करून ऊब मिळत होती; दाराबाहेर हुगळीकाठी उभ्या असलेल्या मजुराचे काय, याचे पुरेसे उत्तर त्यात सापडत नाही. मात्र एवढे खरे की, स्वस्त कापड आणि स्वस्त ताग यांची किंमत कोणीतरी कोठेतरी आपल्या पोटातून मोजत असतो, हे पार्लमेंटमध्ये उभे राहून सांगणारे फार थोडे होते.

मे १९२६ मध्ये खाणकामगारांसाठी सार्वत्रिक संप झाला. ९ मे रोजी वेस्टमिन्स्टरच्या कॅथेड्रलमध्ये कार्डिनल बोर्न यांनी तो संप म्हणजे देवाच्या आज्ञापालनाविरुद्धचे पाप ठरवले. व्हीटली संपाच्या बाजूने होते आणि कॅथोलिकही होते. १२ मे रोजी संप मागे घेतला गेला. खाणकामगार एकटेच हिवाळ्यापर्यंत लढले आणि कमी मजुरीवर, जास्त तासांवर कामावर परतले. १९२८ साली मॅक्स्टन आणि खाणकामगारांचे नेते ए. जे. कुक यांनी पक्षाला जाग आणण्यासाठी मोहीम काढली, तिच्यामागे व्हीटली पैशाने व सल्ल्याने उभे राहिले. ती फसली. १९२९ साली मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला तेव्हा मॅकडोनाल्ड यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले नाही. बहुमत नसताना सत्ता घेतली तर मंदीच्या काळात आपल्याच हातांनी गरिबांवर कपात लादावी लागेल, असा इशारा व्हीटलींनी दिला होता. १९३१ साली बेकारभत्त्याच्या कपातीवरूनच ते सरकार फुटले. त्याच वर्षी पौंड सोन्यापासून सुटला आणि १९३२ साली खुला व्यापारही संपला. पण तो मालकांच्या सोयीच्या जकातीने, व्हीटलींच्या कल्पनेप्रमाणे नव्हे.

हे पाहायला ते नव्हते. १२ मे १९३० रोजी, एकसष्ट पूर्ण व्हायला एक आठवडा उरला असताना, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे शेटल्स्टनमध्ये निधन झाले. ग्लासगोतील डॅलबेथच्या कॅथोलिक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. दुसऱ्याच वर्षी पोप पायस ११ वे यांचे क्वाद्राजेसिमो आन्नो हे विश्वपत्र निघाले. न्याय्य वेतन, मूठभरांच्या हाती एकवटलेली आर्थिक सत्ता यांविषयी त्यात जे लिहिले आहे ते वाचून व्हीटलींनी मान डोलावली असती. खरा समाजवादी आणि चांगला कॅथोलिक एकाच वेळी होता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. त्यावर त्यांनी बहुधा ऑब्झर्व्हरला आणखी एक लांबलचक पत्र लिहिले असते आणि रविवारी मिस्सेला गेले असते.

त्यांचा पुतण्या, त्याचेही नाव जॉन, पुढे स्कॉटलंडचा ज्येष्ठ न्यायाधीश लॉर्ड व्हीटली झाला. ग्लासगोत त्यांच्या नावाचे एक महाविद्यालय होते. २०१३ साली ते दुसऱ्या संस्थेत विलीन झाले. परिषदेची घरे १९८० च्या कायद्यांनी भाडेकरूंना विकत घेता येऊ लागली. स्कॉटलंडने तो हक्क २०१६ साली बंद केला. व्हीटलींच्या कायद्याखालची कित्येक घरे अजून उभी आहेत, खाली दोन आणि वर दोन बिऱ्हाडांची, पुढे बागेची पट्टी असलेली. अनुदान ४० वर्षांचे होते. ज्या वर्षी ते वारले त्या वर्षी बांधून झालेल्या घराचा वर्षाला ९ पौंडांचा हप्ता कायद्याच्या हिशेबाने १९७० पर्यंत चालायचा होता.